कोण कोणत्या होडीत

रात्रीचे अकरा वाजलेत, आणि शेडमध्ये दिवा लावावा लागत नाही.
जूनमध्ये इथे टेस्लिनला सूर्य टेकडीमागे जातो
आणि चप्पल विसरलेल्या पाहुण्यासारखा
लगेच परत दारात.

सहा निळी पिंपं. झाकणांच्या रबरी कड्यांवरून
मी बोट फिरवते;
भेग डोळ्यांआधी बोटाला कळते.
तळाशी आठव्या दिवसाचा तांदूळ,
सगळ्यात वर उद्याची अंडी.
उलटं भरायचं असतं, शेवट आधी.
एलायजा, माझ्या बहिणीचा मुलगा, दोर मोजतोय.
"मावशी, जास्तीचं वल्हं एक की दोन?"
दोन. एक हरवायला,
एक ते सापडेपर्यंत.

अस्वलासाठीच्या मिरचीच्या फवाऱ्यावर तारीख बघ, म्हटलं,
आणि मोठ्या अक्षरात लिही कशासाठी आहे ते.
मागे एकानं डासांचा समजून मनगटावर मारला,
मग मानेवर.
तो दिवस आम्ही काठानंच काढला, तो नदीत बसून.

मग अर्ज.
पोहता येतं का? थोडं. थोडं. थोडं.
सगळे थोडंच लिहितात.
बर्नबीचे मिस्टर नोह, वय एकाहत्तर,
"अनुभव" या रकान्यात:
एकतीस वर्षं बस चालवली, उभ्या प्रवाशाला पडू दिलं नाही.
त्यांना मी मागची जागा दिली, दिशा धरायची.
हॉलंडहून येणाऱ्या विपकाला शेंगदाणे चालत नाहीत;
शेंगदाण्याच्या लोण्याचा डबा पिंपातून वर आला
आणि एलायजाचा चेहरा खाली गेला.

लायल फ्रीझन, सॅस्कटून.
गार्नेट फ्रीझन, सॅस्कटून.
दोन पाकिटं, दोन वेगळ्या शाया.
अडचणीत कुणाला कळवायचं:
दोघांचा नंबर एकच. नातं, आई.
विशेष विनंती: भावासोबत एका होडीत नको.
लायलनं "कृपया" लिहिलंय.
गार्नेटनं खाली दोन रेघा ओढल्यात.
पैसे तिनं भरलेत, दोघांचे, एकाच चेकनं,
सही ओळीवरून घसरत खाली आलेली.

मी कागदावर चार होड्या काढल्या,
एकाला पहिलीत टाकलं, एकाला चौथीत.
वजनं जुळेनात.
खोडलं. एक नोहसोबत, एक विपकासोबत.
आता विपकाचा नवरा काठावरच उरला.
खोडलं. कागदाला भोक पडलं.

आजोबांनी याच शेडमध्ये शिकवलं होतं होडी भरायला:
जड ते खाली, मधोमध,
आणि जे हलतं ते बांधून टाक.
भावांविषयी ते काही बोलले नव्हते.
त्यांचा स्वतःचा भाऊ नदीच्या पलीकडे राहायचा,
अठरा वर्षं, धूर दिसेल इतका जवळ.

हे दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, असं दिसतंय.
मग बरंच झालं की.
कनूमध्ये तोंड बघायचं नसतंच;
पुढच्याला फक्त पाणी दिसतं,
मागच्याला पुढच्याची पाठ,
पाठीवर घामाचा नकाशा, आणि वल्हं कोणत्या बाजूला पडतंय.
पाठचा भाऊ म्हणतात,
तो निदान पाठीशी बसलेला असतो.
बोलायची गरज नाही. "उजवीकडे" म्हणता आलं तरी
पहिल्या दिवसाला पुरे.

"पण त्यांनी तर लिहून दिलंय," एलायजा म्हणाला.
त्यांनी शाईनं दिलंय, मी पेन्सिलीनं लिहितेय.
सकाळी कॉफीनंतर नावं वाचेन.
कदाचित एकजण बॅग उचलून रस्त्याकडे चालू लागेल,
तर खोडरबर खिशात आहेच.

उजेडातच झोपायला निघालो.
दारातून मी परत आले,
आणि जास्तीची दोन्ही वल्ही
त्याच होडीला बांधली.