साडेसहा ते नऊ

उद्यमनगरात साडेसहाला भोंगा वाजतो
आणि माझ्या हातात अख्खी संध्याकाळ येते.
पूर्वी ती कधी पोचलीच नाही.
लक्ष्मीपुरीच्या वळणावर परस्पर काढून घ्यायचं कुणीतरी,
मला मिळायची थेट सकाळ,
गटारीच्या वासाची, एकाच चपलेची.

आता आहे. अडीच तासांची, रिकामी,
घासून पालथ्या घातलेल्या डब्यासारखी.
हिचं काय करायचं असतं ते शिकलो नव्हतो.
पहिल्या महिन्यात नुसती सायकल मारायचो,
रंकाळ्याला तीन फेऱ्या, चौथीला भेळवाला हसायचा,
"काय हरवलंय काय, मालक?"

गुरुवारी बालवाडीत.
भिंतीवर अ अननसाचा,
बाकं एवढीशी की गुडघे हनुवटीला लागावेत.
आम्ही नऊ-दहा थोराड पोरं
आपापलं नाव सांगायचो, मग आपापलं घसरणं.
पैंजणांना डाख देणारे इलाहीचाचा म्हणाले,
"तहान म्हंजे गिऱ्हाईक, बाळ. दारात येणारच.
भांडू नको, हाकलू नको.
दुकान बंद हाय म्हणायचं
आन् आत आपलं काम करत बसायचं."

खोटं कशाला सांगू,
कधी ते गिऱ्हाईक रात्रभर पायरीवर बसून राहिलं.
आणि दीड वर्षानंतर एकदा
मीच उठून कडी काढली.
दुसऱ्या गुरुवारी बालवाडीत पुन्हा बोट वर केलं: दिवस पहिला.
चाचांनी फक्त सरकून जागा दिली.

गंगावेशीत आठच्या सुमाराला म्हशी उभ्या असतात.
धार थेट ग्लासात, वर चार बोटं फेस.
पहिल्यांदा तो फेस बघून छातीत धस्स झालं,
ग्लास धरायची तर माझी जुनीच तऱ्हा, तळव्यानं झाकून.
ओठाला लागलं ते कोमट,
जिवंत अंगातनं आत्ताच निघालेलं.
शेजारी एक पैलवान तिसरा ग्लास संपवत होता,
त्याला माझ्याकडं बघायला सवड नव्हती.
केवढं बरं वाटलं.

हात माझ्याआधी बरे झाले.
एकेकाळी डायल लावला की काटा नाचायचा,
जॉब हलतोय का मी, समजायचं नाही;
शेठनी लेथ काढून झाडू दिला होता.
काल पंपाचा शाफ्ट उतरवला, दोन थाऊच्या आत.
सर्फराज डोळे मोठे करून म्हणाला, "मामा, नाद खुळा!"
मी बेड झाडत राहिलो.
कुणी बघत नाही असं बघून
लोखंडाचा एक निळा, पिळदार कीस
खिशात टाकला, गरम होता तरी.

वैजयंता रोज दारात टॉवेल घेऊन येते
आणि श्वास घेते.
एवढंच. बोलत काही नाही.
मीही जरा पुढं वाकतो,
डॉक्टरला जीभ दाखवावी तसा.
मधे एकदा राग आला होता, अजून?
मग तिच्या अकरा वर्षांची रास डोळ्यांपुढं आली,
अनामत ठेवलेली पाटली, शाळेच्या फाटकात थांबलेलं पोर,
आणि गप वाकलो.

काल ती फोनवर होती, बहिणीशी,
गडहिंग्लजच्या लग्नातल्या कुणाच्या रुसव्याचं काहीतरी.
डबा माझ्या हातातनं घेतला,
टॉवेल खुर्चीकडं मानेनंच दाखवला,
"आमटी गरम हाय," म्हणाली
आणि आत गेली.

मी दारात. तसाच वाकलेला.
सगळा गृहपाठ करून आलेला पोरगा
आणि बाईंनी वहीच मागितली नाही.

किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक.
मग खिशातला कीस काढून फ्रिजवर ठेवला.
"हे काय आता?" फोन कानाला तसाच.
"काही नाही," म्हटलं.

घड्याळात नऊला पाच कमी.
आमटीत मीठ जरा कमी पडलं होतं.
मला कळलं ते.