मंगळवारची सुट्टी

पहिलं यंत्र ओरडायचं.
तपकीर गल्लीतून आणलेला बझर, नखाएवढा,
पण आवाज असा, की खळदकरकाकांनी
ते टॉवेलमध्ये गुंडाळून
तांदळाच्या डब्यात पुरलं.
फोनवर म्हणाले, "सारखं कुणीतरी रडतंय घरात."
मग जरा थांबून,
"बत्तीस वर्षं भोंग्यावर उठलोय, पोरी.
आता पुरे."

मी आवाज काढून टाकला.
धनकवडीच्या माझ्या खोलीत
रात्र रात्र भिंतीवर उजेड पाडून बसायचे :
लाल नको, लाल म्हणजे दवाखाना.
निळा नको, तो मोबाइलचा.
हिरवा सिग्नलला असतो, त्यालाही कुणी थांबत नाही
आणि लालला तर नाहीच.
शेवटी सापडला तो
फोडणीत हळद पडते तेव्हाचा,
करपायच्या आधीचा, अर्ध्या क्षणाचा रंग.
तो धरून ठेवायला अकरा दिवस गेले.

सागवानाची वीतभर पट्टी,
दाराच्या चौकटीशी, हात जातो त्या उंचीवर.
पाच खाचा. किल्ली, चष्मा, रक्तदाबाची गोळी, गॅस,
आणि एक नळाची :
उद्या गुरुवार, पाणी नाही, आजच भरून ठेवा.
जे राहिलं असेल त्याच्या खाचेत उजेड.
काहीच राहिलं नसेल
तर लाकूड, नुसतं लाकूड.

निनाद म्हणाला, "इतकं गप्प यंत्र विकायचं कसं?
लोकांना कळायला नको, पैसे कशाचे दिले?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
अजूनही नाही.

तिसऱ्या आठवड्यात नोंदी पाहिल्या.
सोमवार ठीक, बुधवार ठीक,
मंगळवार कोरा.
मागचाही कोरा, त्याच्या मागचाही.
सेन्सर गेला म्हणून स्क्रूड्रायव्हर घेऊन
खडकी बाजारामागे त्यांचे दोन जिने चढले.
पट्टी जागेवर होती.
वायर काढलेली, नीट गुंडाळलेली, वर रबरबँड.

"मंगळवारी सुट्टी देतो मी त्याला.
माझं मला अजून येतं का, ते बघायला नको?"

आणि उठून उंबऱ्याशी उभे राहिले.
हात छातीवर, डाव्या खिशावर, उजव्या खिशावर,
कमरेला एक फेरी.
"फॅक्टरीच्या फाटकावर रोज हेच.
काडेपेटी नाही, विडी नाही, लोखंडाचं काही नाही.
तिथं खिशात काही सापडलं की घात,
इथं नाही सापडलं की.
हात तोच."

मी पट्टीकडे पाहत होते.
ते पुढे बोलत होते, स्वतःशीच असल्यासारखे :
"एकदाच विसरलो. चौऱ्याऐंशी साल.
एक काडी, शर्टाच्या शिवणीत अडकलेली.
फाटकावर जोसेफ होता. त्यानं बघितली.
ओरडला असता तर नोकरी गेली असती,
पुढेमागे सगळे उभे होते.
त्यानं नुसता तळहात पुढं केला.
मी त्यावर काडी ठेवली. त्यानं मूठ मिटली.
पुढचा."

वहीत लिहून घ्यावं असं काही नव्हतं त्यात,
तरी मी वही काढली,
आणि उघडून नुसती मांडीवर धरून बसले.
त्यांनी चहा टाकला. गॅस बंद केला.
नंतर परत येऊन बघितला, बंदच होता.

खाली आले. स्कूटरपाशी पर्स उपसली,
जर्किन झटकलं, हेल्मेटच्या आत पाहिलं.
उगाच वर बघितलं तर
ते गॅलरीत, कठड्याला टेकून.
हाक मारली नव्हती.
तळहातावर माझी किल्ली,
उन्हात तेवढीच पिवळी.

पुन्हा दोन जिने.
किल्ली घेताना विचारलं,
"उद्या वायर लावाल ना?"
"बघू," म्हणाले,
"आठवण राहिली तर."