वरचं टेबल

तुर्भ्यात, बटाट्याच्या गाळ्यामागे
आम्ही चिंचोक्यांवर खेळायचो.
चिंचोका दहाचा.
हरलो तर त्या दिवशी भजी नाही, एवढंच.
सात महिने जिंकत होतो.
पोखरकरशेठ म्हणाले, आता वर बस.

वर म्हणजे सीवूड्स, एकोणिसावा मजला,
खाडीकडे सगळी काच.
चकत्या जड, कडेला सोनेरी रेघ,
एकेकीत माझा घराचा हप्ता.

पत्ते मात्र तेच.
नव्व्यांची जोडी आली, हातात गरम.
समोरच्या सबनीस बाईंनी
चहा ढवळता ढवळता दोन चकत्या सरकवल्या
आणि मला
मार्च, एप्रिल सरकताना दिसले.

टाकले पत्ते.
त्यांनी उलटवले: एक दुर्री, एक सत्ती.

लिफ्टमध्ये किल्ली शोधताना
खिशातून चिंचोका निघाला,
गुळगुळीत,
अजून दहाचाच.