फक्कीची रेघ

एकतीस वर्षं मी महापालिकेच्या ड्रेनेज खात्यात
नकाशे काढले.
येरवड्याच्या पुलाखाली जो नाला नदीला मिळतो
त्याची निळी रेघ माझ्या हातची.
शाई वाळायच्या आत साहेबांनी सही केली,
मग चहा आला.
एवढंच आठवतं.

आता रविवारी पहाटे
त्याच नाल्याच्या तोंडाशी उभी असते,
नाकाला पदर, गळ्यात भाच्याची दुर्बीण,
काखेत खात्यातली कोरी राहिलेली वही.
वास येतो.
येणारच. आपलाच आहे.

काळ्या गाळात शेकाटे उभे,
कुणी कर्कटक उघडून ठेवावं आणि विसरून जावं
तसे गुलाबी पाय.
तुतवार दगडावर बूड हलवत
प्रत्येक लाटेला हो हो म्हणतो.
आणि टिलवा, मुठीत मावेल एवढा,
सायबेरियातून आलाय म्हणतात.
मी कोथरूडहून दोन बस बदलून येते
तर गुडघे धरतात.

गायसमुद्रे पलीकडच्या सोसायटीचा रखवालदार.
रात्रपाळी संपवून तो माझ्याबरोबर मोजतो.
शेकाट्याला तो 'इनिस्पेक्टर' म्हणतो, चालीवरून.
"एकेचाळीस इनिस्पेक्टर, मॅडम.
आणि रात्री तीन डंपर."
तंबाखूच्या पुडीच्या आतल्या बाजूला
त्यानं गाड्यांचे नंबर लिहिलेत.
मी दोन्ही आकडे वहीत उतरवते,
पाखरं डावीकडे, राडारोडा उजवीकडे.
जानेवारीपासून उजवी बाजू पुढे आहे.

अर्ज दिला होता मी.
घाण थांबवा, असं लिहिलं.
गाळ राहू द्या, असंही लिहिलं.
खिडकीतल्या मुलानं दोनदा वाचलं,
"काकू, नक्की काय पाहिजे?"
मला तरी कुठे नीट सांगता आलं.
नाला स्वच्छ झाला तर किडे राहतील का,
किडे गेले तर टिलवा कशाला येईल,
हे कुठल्याच नकाशात नव्हतं.
त्यांच्या पत्रकात मात्र सगळं होतं,
दगडी कठडा, बाकं, दिवे, हिरवळ,
आणि एका कोपऱ्यात
उडताना दाखवलेला एक समुद्रपक्षी,
जो पुण्यात कधी दिसला नाही.

मार्चमध्ये खडीवर फक्कीची रेघ आली.
सरळ, पांढरी, पुलापासून बाभळीपर्यंत.
बाभळीला मागच्या पुराच्या पिशव्या
माणसाच्या उंचीवर अजून लटकलेल्या.
रेघेच्या अगदी मधोमध
चिखल्याची मादी बसलेली,
डोळ्याभोवती पिवळी कड,
पोटाखाली चार अंडी, खडीसारखीच खडी.
मी जवळ गेले तर पंख मोडल्याचं नाटक करत
लंगडत लांब पळाली.
मी फसल्यासारखं केलं.

गायसमुद्रे म्हणाला, "उद्या रोलर येणार."
मी काही बोलले नाही.
ठेकेदाराचं अर्धं पोतं तिथंच पडलं होतं.
चपलेनं ती रेघ पुसली,
चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे,
आणि वाकून, गुडघ्याचं न ऐकता,
अंड्यांना वळसा घालून नवी ओढली.
हात थरथरला, पण वळण गोल आलं.
एवढ्या वर्षांत नियमाबाहेरची
ही पहिलीच रेघ.

सोमवारी रोलर आला.
चालवणाऱ्या पोरानं खाली पाहिलं,
रेघ पाहिली,
आणि वळला.
कुणाला विचारलं नाही त्यानं.
फक्कीवर इतका विश्वास असतो माणसांचा,
हे मला आधी कळायला हवं होतं.
केवढी तरी पांढरी फक्की
मी कागदावरून जाऊ दिली.

पुढच्या रविवारी तीन पिल्लं होती,
काडीवर ठेवलेला कापूस, पळणारा.
चौथ्याचं काय झालं माहीत नाही.
वहीत शेऱ्याच्या रकान्यात
मी प्रश्नचिन्ह घातलं आहे.
गायसमुद्रे म्हणतो, चार लिहा,
कोण बघतंय.
नाही लिहिलं.
त्यानं पुडी उलटी करून पुढे धरली,
दोन नवे नंबर.
उजवीकडे उतरवले.