टॉपच्या आधी

मे महिन्यात सोलापुरात
टायमिंग लाइटचा उजेड दिवसा दिसतच नाही.
म्हणून पाच वाजता, तांबडं फुटायच्या आत,
फियाट ढकलत लिंबाखाली आणली आम्ही.
मी, रियाज तांबोळी,
आणि खुर्चीवर नायना, बंडीवर.

बोअर नवा, रिंगा नव्या, व्हॉल्व्ह हातानं घासलेले,
कार्बोरेटर दोन रात्री रॉकेलमध्ये बुडवलेला.
चार महिने हे इंजिन सोप्यात
विटक्या चादरीवर सुटं सुटं पडून होतं.
आई ताट घेऊन त्याला ओलांडायची,
म्हणायची, हे मढं उठणार कधी?

काल उठलं होतं. पण उलटं.
डिस्ट्रिब्युटर मी अर्ध्या फेऱ्यानं चुकवून बसवला,
कार्बोरेटरमधून फाडकन जाळ आला
आणि रियाजची डावी भुवई गेली.
आरशात बघून म्हणाला,
"आता लग्नात फोटो उजवीकडनंच."

म्हणून आज पहिल्यापासून.
पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा.
रियाज पुलीला पाना लावून फिरवतोय.
काही नाही.
काही नाही.
मग आतून कुणी दार लोटावं
तशी हवा अंगठा उचलायला लागते.
हा खरा. पिस्टन आणखी एकदा वर येतो,
पण तेव्हा तो नुसता धूर टाकायला आलेला असतो,
काल मी त्याच्यावरच भरवसा ठेवला होता.

पुलीवरची खूण गंजात हरवलेली.
नायनांनी डबी पुढं केली, तंबाखूची बाजू मिटून,
दुसरी उघडून.
चुन्याचा एक ठिपका.

सुरू झालं.
दिव्याच्या लुकलुकीत पुली गरगरतेय
आणि चुना एका जागी उभा,
टॉपच्या आधी दहा अंशांवर, पुस्तकात छापल्याप्रमाणे.
रियाजनं नट आवळला.

आसरा पुलाच्या चढावर, तिसऱ्या गिअरात,
इंजिन तडतडायला लागलं,
तव्यावर शेंगा टाकल्यासारखं.
आम्हा दोघांना ऐकू आलं.
नायनांना नाही.
बत्तीस वर्षं मागाच्या खात्यात जॉबर होते,
कानात बोळे घालायचे तेही तिथल्याच सुताचे,
आणि तरी त्या खात्यानं त्यांचे कान ठेवून घेतले.
पण डॅशबोर्डवर त्यांचा तळवा होता.
त्यांनी तो उचलला, चटका बसल्यासारखा.
"थांबव."

पुलाच्या कडेला बॉनेट उघडं.
मोठा स्क्रूड्रायव्हर, टोक ब्लॉकवर, मूठ दातांत,
डोळे मिटलेले.
रियाजला खूण: रेस दे. सोड. परत दे.
मागाशी असेच उभे राहत असतील,
धोटा ताण्यातून नीट सुटतोय का बघत.
लवकर सुटला तर दोरे तोडतो,
उशिरा सुटला तर मिटत्या ताण्यात अडकतो
आणि ती चूक नंतर
कुणाच्यातरी पांघरुणात आडवी दिसते.

मूठ दातांत ठेवूनच काहीतरी बोलले,
आधी तेलुगूत, मग मराठीत,
"पुस्तक थंड गावचं आहे की गं."
नट सैल केला,
डिस्ट्रिब्युटरला एका बोटानं ढकललं,
भाकरी परतायच्या आधी
कड सोडवतात तेवढं.

रियाजनं दिवा धरला. सात.
"मोजून तीन कमी," तो म्हणाला, जरा रागानंच,
आणि एअर फिल्टरच्या झाकणावर
बॉलपेननं सात लिहिलं. नाव नाही लिहिलं.

परत त्याच चढाला.
शेंगा नाहीत.
लेथवाल्यानं सांगितलेलं, हजार किलोमीटर दमानं घ्या,
पण पाय ऐकत नव्हता.
रूळ खाली राहिले, पूल संपला,
गिरणीच्या चिमणीमागून ऊन वर आलं
आणि चुना, दिवा, अंश काहीच दिसेना.

तेव्हा नायनांनी विचारलं,
"ऐकायला कशी आहे?"

मला पटकन खूण सुचेना.
आवाजाची खूण आमच्या घरात कुणी केलीच नव्हती.
स्टिअरिंग एका हातात धरून
दुसरा मी आडवा नेला,
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
न अडकता.
ते हसले की नाही, बघता आलं नाही,
समोरून एसटी येत होती.