पंचविसावं घर

चियातुरात नदीसुद्धा हात न धुता घरी यायची.

शाळेच्या भिंतीवर आवर्तसारणी होती,
लामारा बाईंनी सुट्टीत शिडीवर चढून
उरल्यासुरल्या तेलरंगांत रंगवलेली.
म्हणून सोडियमचा अख्खा उभा रकाना
दवाखान्याच्या भिंतींसारखा पिवळा,
आणि क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन
खिडक्यांच्या हिरव्यात.
शंभराच्या वर घरं. एकच कोरं,
क्रोमियम आणि लोखंडाच्या मधलं.

"ते तुम्ही भरायचं," पहिल्या दिवशी म्हणाल्या.
आम्ही एकेक करून उठलो.
रोपवेच्या डब्याचा गज धरून आलेले हात,
कुणी धुतले नव्हते, धुऊन जायचेही नाहीत.
सत्तावीस बोटं टेकली.
"झालं," बाई म्हणाल्या, "मँगनीज."

मी विचारलं, अणू आतून कसा असतो?
"तुझ्या वडिलांच्या खाणीसारखा, ग्वांत्सा. बराचसा मोकळा.
मधोमध चिमूटभर काहीतरी, भयंकर जड,
आणि भोवती, कुठल्या कुठे, पंचवीस जण.
बोट ठेवावं तिथे नेमका कुणी सापडत नाही."
मग डोंगर कोसळत का नाही?
बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"एकमेकांना धरून असतात म्हणून," आणि थोड्या वेळानं,
"खरं तर हे पुढच्या वर्गात आहे."

कोळसा उगाळावा तितका काळाच, असं म्हणतात.
आमचा दगड तसा नव्हता.
बाईंनी गुळण्यांच्या पाण्यातला जांभळा कण
बरणीत सोडला, कॉस्टिक सोडा, मग साखर,
चमचाभरच, कारण त्या वर्षी साखर महाग होती.
जांभळा पाहता पाहता हिरवा झाला,
हिरव्याचा तपकिरी गढूळ.
"सरडा!" मागच्या बाकावरून मालखाझ ओरडला.
"सरडा भीतीनं रंग बदलतो," बाई म्हणाल्या,
"हा इलेक्ट्रॉन घेऊन बदलतो. घेणाऱ्याला लाज कसली?"

त्याच हिवाळ्यात वडिलांचा चमचा वाजायला लागला.
सूप बशीवर, शर्टावर, टेबलावर.
चव्वेचाळिसावं वर्ष. डॉक्टर म्हणाले, थकवा.
चालताना ते पाय असे टाकायचे
जणू जमीन आहे की नाही, याचीच खात्री नाही.
मी बाईंना सांगितलं. त्यांनी वर्गाचं दार लोटलं.
"रतीभर लागतंच, ग्वांत्सा. नाहीतर हाडं धरत नाहीत.
पण तुझे वडील वीस वर्षं ते श्वासातून खातायत."
मग काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.
भिंतीवरच्या त्या काळ्या चौकोनाकडे
त्या दिवशी मी पाठ करून बसले.

बाईंनी मात्र वहीत बीचचं एक वाळलेलं पान ठेवून दिलं.
कडेला पेन्सिलीत: यातही आहे.
चार-चारच्या टोळीनं बसतं, उन्हाच्या जोरावर पाणी फोडतं.

घरी जाताना वीज गेली.
त्या काळी जायचीच, आठवडाभरसुद्धा.
डबा मधेच थांबला, नदीच्या नेमका वर,
आत मी, वडील, आणि बटाट्यांची पिशवी घेतलेली कुणी म्हातारी.
वडिलांचा हात गजावर थडथडत होता,
डबाच थरथरतोय असं वाटावं इतका.
वेळ घालवायला मी वही उघडली.
पाणी फुटतं म्हणजे? त्यांनी विचारलं.
हायड्रोजन पानाकडे राहतो, मी म्हणाले,
आणि ऑक्सिजन बाहेर पडतो. आपण तोच घेतो.
आणि फोडणारा कोण?
मी त्यांच्या नखांकडे बोट दाखवलं.

त्यांनी पान घेतलं. हातात ते फडफडायला लागलं,
वारा नव्हता तरी.
बराच वेळ खालची काळी नदी बघत राहिले,
मग समोरच्या उतारावरची झाडं.
"म्हणजे तिथेही आमचीच पाळी चालू असते," म्हणाले.

म्हातारीनं आम्हाला एकेक बटाटा दिला, कच्चाच.
वीज आली नाही.