हरकत नाही

वहीच्या डाव्या पानावर वेळा लिहून ठेवल्या,
कारण तक्रार करायची तर पुरावा लागतो:
चार वाजून सहा. चार तेवीस. चार सत्तावीस.
मग एकदम पाचला पाच,
आणि त्यानंतर लिहायचा कंटाळा.
पडद्याच्या कोपऱ्यातल्या तीन कमानी
विझतात, उरतो
जाळीचा रिकामा पृथ्वीगोल.

पलीकडे भिलाईत शार्दूल बोरगावकर, वय नऊ.
त्याच्या आईच्या फोनला चित्र झेपत नाही,
म्हणून आमचा तास नुसत्या आवाजावर.
स्वतःच्या नावातल्या 'शा'शी तो येतो
आणि थांबतो.
मला कळत नाही
अडलाय तो, की माझं वायफाय.

जयेंद्रगंजच्या दवाखान्यात कळायचं.
मानेची शीर फुगायची, बोटं खुर्चीचं रेक्झिन खरवडायची,
मी म्हणायची, हरकत नाही, थांब,
शब्द कुठे पळून जात नाही.
बावीस वर्षं याच वाक्यावर माझं घर चाललंय.

तर, सगळं करून झालं.
बंद केलं, चालू केलं.
लॅपटॉपला म्हटलं, हे नेटवर्क विसर; विसरला बिचारा.
पुन्हा ओळख करून दिली, पासवर्ड सांगितला
(अजून तोच, विकून टाकलेल्या लूनाचा नंबर).
राउटर कपाटावरून खिडकीत, खिडकीतून फ्रिजवर,
त्याची शिंगं कधी उभी कधी आडवी,
पोळ्याचा बैल सजवावा तशी.

मग कंपनीचा धर्मेंद्र कुशवाह आला, हेल्मेट न काढता.
"मैडम, पूरा मोहल्ला एक ही चैनल पे बैठा है."
त्यानं मला सहावरून अकरावर नेलं,
भरल्या सतरंजीवर कोपरा करून द्यावा तसं.
जाताना कूलरकडे बोट: "इतना पानी, ऊपर से लोहा,
सिग्नल बेचारा कहाँ से आए."
मे महिन्यात, ग्वाल्हेरात, कूलर हलवायचा?
मी टेबल हलवलं.
घामानं मनगट वहीला चिकटायला लागलं,
पण दोन दिवस बरे गेले.

तिसऱ्या दिवशी, चार वाजून अकरा.

रात्री वही उघडीच पडली होती.
उजव्या पानावर माझ्या नोंदी,
शार्दूल कुठे अडला, केव्हा, किती वेळ.
डावीकडच्या वेळा, उजवीकडच्या वेळा
शेजारी शेजारी, त्याच.
नेट गेलं म्हणून तो गप्प होत नव्हता.
तो गप्प झाला की नेट जात होतं.

शोधत शोधत खोल एका खिडकीत पोचले:
उपकरणं, गुणधर्म, वीज.
इंग्रजीतली ओळ मनात मराठीत वाचली,
वीज वाचवण्यासाठी संगणकानं हे उपकरण
बंद करायला हरकत नाही.
पुढे चौकोनात बरोबरची खूण,
कारखान्यातूनच आलेली, मी कधीही न केलेली.
शांतता पडली की त्याला वाटायचं
इथे कुणी नाही. निजायचा.
आणि आमचा सगळा तास म्हणजे काय,
ती शांतताच.

खूण काढली.

आज 'शा' आला आणि थांबला.
कमानी तिन्ही जागच्या जागी.
त्याच्याकडचा पंखा ऐकू येत होता, कुकरची एक शिट्टी,
मग दुसरी.
"ताई, नेट गेलं का?" एका दमात, न अडता.
नाही रे, आहे.
जरा वेळानं, हिरमुसून:
"आधी जायचं तेच बरं होतं."

मी काही बोलले नाही. तिसरी शिट्टी.
बॅटरी आता तासभर कमी पुरते.